अर्ध्या ताटाची देवी

त्या नवरात्रात पाचपावलीच्या कोष्टी आळीत एवढी गर्दी लोटली की गल्लीत सूत ताणून खळ द्यायलाही कोणाला जागा उरली नाही. सन चौपन्न होतं. नागपूर तेव्हा राजधानीचं शहर. सचिवालय होतं, कॉलेजं होती, शहाणी माणसं पोत्यानं मोजावी इतकी होती. आणि त्यातली बरीचशी दुपारी बारा वाजता मारोतराव धकात्याच्या दारात वहाणा काढून, टाचा उंचावून उभी असत. कशासाठी? तर एका नऊ वर्षांच्या मुलीला जेवताना बघायला!

मुलीचं नाव चंद्रकला. तिच्यापुढे मोठं पितळी ताट यायचं. उजव्या अंगाला वरण, भात आणि वांग्याची भाजी, डाव्या अंगाला जिलब्यांचा ढीग. चंद्रकला खाली मान घालून जेवायला लागायची. वरण संपायचं, भात संपायचा, भाजी संपायची. ताटाच्या बरोबर मध्यावर तिची बोटं थांबायची. मग ती हात चाटून म्हणायची, "आई, झालं माझं."

डावीकडच्या जिलब्या जशाच्या तशा! नऊ वर्षांची पोर, समोर तुपातली कुरकुरीत जिलबी, आणि पोर तिच्याकडे ढुंकून बघत नाही. ज्यांच्या घरी लहान मुलं होती त्यांना आणखी कुठल्या पुराव्याची गरजच वाटत नव्हती.

"देखा? देखा?" नत्थूमहाराज उठून उभे राहायचे. कपाळावर मळवट, गळ्यात तीन माळा, कमरेला लाल वस्त्र. "अर्धं ताट पोरीचं, अर्धं ताट मायचं! पोरीचं नाव काय गा? चंद्रकला! अन् चंद्राची कला म्हणजे काय? अर्धा चंद्र! मायनं जन्माच्या आधी सही करून ठेवली, अन् तुम्ही अक्कल चालवून राहिले! बोलो जगदंब माता की!"

"जय!" सगळी गल्ली दुमदुमायची.

मग प्रश्न यायचा त्या जिलब्यांचा. देवीचा वाटा इतका जहाल की साध्या माणसाच्या पोटात गेला तर आतडी जळतील, असं महाराजांचं म्हणणं. तेव्हा मोठ्या नाइलाजानं, डोळे मिटून, एकेक जिलबी महाराज स्वतःच गिळायचे. शेवटचा चुरा तेवढा प्रसाद म्हणून भक्तांच्या तळहातावर पडे. आठ दिवसांत देवीची कृपा महाराजांच्या पोटावर चांगलीच दिसायला लागली होती.

मारोतराव हे सगळं आपल्या मागाला टेकून बघत असे. माग बंद होता. विणायचा धोटा वरच्या दोरीला टांगून ठेवला होता आणि मागाच्या खांबाला भक्तांनी नारळ बांधले होते. आळीत काल-परवापर्यंत त्याला "मारोत्या" म्हणत. आता सचिवालयातले कारकून "मारोतरावजी, जरा पुढं सरकू द्या" म्हणून विनवत होते. कोणाला आवडणार नाही? त्यालाही आवडलं होतं, पहिले तीन दिवस.

सुरुवात झाली घटस्थापनेच्या दिवशी. नत्थूमहाराज भिक्षा मागत दारात आले. मारोतरावाची बायको मैनाबाई भोळी, तिनं त्यांना जेवायला बसवलं. शेजारी चंद्रकला बसली. महाराजांनी आधी देव्हाऱ्याकडे बघायचं, तर त्यांची नजर गेली पोरीच्या ताटाकडे.

"या पोट्टीचं ताट रोज असंच राहते का वं बाई? अर्धं?"

"हो ना महाराज. लय दिवस झाले. म्हणून म्हणून थकली मी."

महाराजांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा घरात देवी बसलेली होती.

त्यानंतर महाराजांकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असे. सकाळी उठल्याबरोबर पोरीचं डोकं ठणकायचं आणि ती ओकायची. महाराज म्हणत, "गावाचं पाप बाहेर टाकून राहिली माय." चालताना तिचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायचा. महाराज म्हणत, "घर लहान पडून राहिलं मायले." डावीकडून हाक मारली तर ती उजवीकडे वळून शोधायची. महाराज म्हणत, "डावीकडे साक्षात माय बसली हाये. तिच्याकडे पाहाची हिंमत आहे का पोरीची?" आणि मैनाबाईनं एकदा दवाखान्याचं नाव काढलं तेव्हा त्यांनी डोळे वटारले. "औषधाचा एक थेंब पोटात गेला का माय उठली! अन् माय उठली का पोरगी गेली! पुन्हा बोलू नोको."

मैनाबाई पुन्हा बोलली नाही. मग महाराजांनी सांगितलं की दसऱ्याला ते चंद्रकलेला घेऊन उमरेडला जाणार, तिथं देवीचं कायमचं ठाणं होणार. आईबापानं यायचं नाही, मायला संसार चालत नाही. गर्दीच्या समोर, टाळ्यांच्या गजरात मारोतराव "हो" म्हणून बसला. पोरगी दिवसेंदिवस वाळत चालली होती, आणि एवढ्या लोकांसमोर दिलेला शब्द मागं घ्यायची त्याच्यात ताकद नव्हती.

सप्तमीच्या दिवशी यमुताई आल्या. नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेतल्या बाई. महाल भागातलं कारकुनी घराणं, नऊवारी चोपून नेसलेलं, काखेत छत्री, आणि आवाज असा की मागच्या बाकावरच्या मुलीही पाठ सरळ करत. चंद्रकला त्यांच्या वर्गातली. त्यांनी गर्दी छत्रीनं बाजूला सारली, आत आल्या आणि पिशवीतून एक पाटी काढली.

"मारोतराव, ही तुमच्या मुलीची पाटी. महिनाभर मी जपून ठेवली आहे. बघा."

मारोतरावानं पाटी दूर धरली, जवळ धरली. त्याला चाळिशी लागून दोन वर्षं झाली होती, पण आळीत चष्मा लावून मागावर बसायची लाज वाटे. पाटीवर सगळी गणितं उजव्या अर्ध्यात कोंबलेली होती. डावा अर्धा कोराच.

"मी फळ्यावर छप्पन्न लिहिले की ही सहा वाचते," यमुताई म्हणाल्या. "त्रेचाळीस लिहिले की तीन. सहा आणि तीन नऊ, उत्तर बिनचूक! ज्या मुलीनं श्रावणात अख्ख्या वर्गाला पाढ्यांत हरवलं, तिला दोन आकडी संख्या दिसेनात? मी तिला अंगठे धरून उभी केली हो. मला वाटलं, चेष्टा करते."

"देवी आली ना बाई तिच्यात," मारोतराव पुटपुटला.

"देवीला बेरीज येत नाही?"

तेवढ्यात ताट आलं. यमुताईंनी ते बघितलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"मैनाबाई, हे ताट कोणी वाढलं?"

"मीच वाढलं बाई."

"अहो, डावीकडे मीठ, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी. सत्यनारायणाच्या नैवेद्यापासून श्राद्धाच्या पानापर्यंत हाच नियम. आणि जिलबी डावीकडे? हे कोणी शिकवलं?"

"महाराज सांगतात. मायले गोड लागते म्हणे, तं गोड मायच्या बाजूले."

"अस्सं," यमुताई म्हणाल्या. त्या दिवशी त्या एवढंच बोलल्या आणि छत्री काखेत मारून निघून गेल्या. मारोतरावाला मात्र ते "अस्सं" दुसऱ्या दिवसापर्यंत कानात खुपत राहिलं.

अष्टमीला गर्दीचा कहर झाला. मौद्याहून बैलगाड्या आल्या. ज्यांना आत जागा मिळाली नाही ते कौलारू छपरावर चढले आणि मारोतरावाचे सात कवेलू फुटले. चंद्रकला लाल लुगड्यात गुंडाळून पाटावर बसली होती, हाताला महाराजांचा लाल गंडा. सकाळी ती तीनदा ओकली होती. तरी ती जेवायला लागली. वरण, भात, भाजी, आणि ठरल्याप्रमाणे मध्यावर बोटं थांबली.

"आई, झालं माझं."

"बोलो जगदंब..." महाराजांनी हात वर केला.

"थांबा!" यमुताई गर्दीतून पुढं आल्या, खाली बसल्या, आणि काही कोणाच्या लक्षात यायच्या आत त्यांनी ताटाला हात घालून ते गर्रकन अर्धं फिरवलं.

जिलब्या डावीकडून उजवीकडे आल्या.

चंद्रकलेनं ताटाकडे बघितलं. तिचे डोळे मोठे झाले.

"जिलबी!" ती किंचाळलीच. "आई वं, जिलबी! कवा वाढली?" आणि दोन्ही गालांत एकेक कोंबून ती खायला लागली. देवीचा जहाल वाटा पोरीच्या पोटात धडाधड जात होता आणि आतडी जळण्याचं काही लक्षण दिसत नव्हतं.

महाराजांचा वर केलेला हात तसाच राहिला. "अरे, अरे! ताट फिरवते का कोणी? मीठ खाली येते ना! पंगतीत असं चालते का?" ते बोलून गेले. लगेच सावरले. "मतलब, मायनं जागा बदलली! आज अष्टमी! आज माय उजवीकडे आली! बोलो जगदंब माता की!"

"जय!" गर्दी म्हणाली. खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा जोरात म्हणाली. गर्दीला तर्क नको असतो, तिला कोणीतरी घोषणा दिली की बस होतं. यमुताईंनी कपाळाला हात लावला.

पण चंद्रकलेचं खाणं चाललंच होतं. तोंडातली जिलबी संपवून ती हळूच म्हणाली, "मले वाटलं, बाबा अजून रागावलेच हायेत."

मारोतराव पुढं सरकला. "काहून वं? मी काहून रागावीन?"

"तो काठ बिघडवला ना मी. पोळ्याले. तुम्ही मारलं. मंग सगळ्यायले जिलबी अन् मलेच नाही. मले वाटलं, शिक्षा आहे. म्हणून मी नाही मागितली."

आठ दिवस शेकडो माणसं या पोरीचं वैराग्य बघायला येत होती. आणि पोर मनातल्या मनात बापाच्या माफीची वाट बघत होती.

तो उठला. मागाच्या मागं लाकडी पेटी होती, ती त्यानं ओढून काढली. आतून चार लुगडी काढली आणि एकामागून एक गर्दीत फेकली.

"पाहा गा! तुम्ही आळीतले सगळे कोष्टी ना? तं पाहा हे काठ!"

शाळेतल्या बाईचं आळीनं ऐकलं नसतं. पण लुगडं हातात आलं की कोष्ट्याची बोटं आपोआप काठाकडे जातात. भैयाजी निपाने आळीतले सगळ्यात म्हातारे विणकर. त्यांनी काठ अंगठ्याखाली घेतला.

"उजवा काठ बरोबर हाये," भैयाजी म्हणाले. "डावा पाहा. धागे तुटले ते तुटलेच. सांधले नाही कोणी. रेघाच रेघा पडल्या. हे काय गा मारोत्या? असं लुगडं तुह्या हातचं?"

"माह्या हातचं. पण डोळे चंद्रकलेचे," मारोतराव म्हणाला आणि मग त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. त्याला जवळचं दिसत नव्हतं. चष्मा घ्यायची लाज. म्हणून रोज शाळेतून आल्यावर चंद्रकला मागावर त्याच्या जागी बसायची, तिचे पाय खाली टेकत नसत, आणि तुटलेला प्रत्येक धागा शोधून सांधायची. तिच्या बोटांवर त्याचा स्वतःपेक्षा जास्त भरवसा होता. पोळ्याच्या आठवड्यात गांधीबागेतल्या व्यापाऱ्यानं लुगडं परत पाठवलं तेव्हा त्यानं पोरीच्या थोबाडीत दिली. ती रडत सांगत होती, "मी सगळे सांधले, बाबा." त्याला वाटलं, खोटं बोलते. मग आणखी तीन लुगडी परत आली. लाजेपायी त्यानं ती पेटीत दडवली.

"ते खोटं नव्हती बोलून राहिली," तो म्हणाला. "तिले जेवढे दिसले तेवढे तिनं सांधले. डावीकडचे तिले दिसलेच नाही. फळ्यावरचे आकडे दिसले नाही. जिलबी दिसली नाही. आता सांगा महाराज, तुम्ही घटाले आले. हे पहिलं लुगडं पोळ्याचं. एक महिना आधी तुमची माय माह्या मागावर काय करून राहिली होती? धागे तोडून राहिली होती?"

महाराजांनी तोंड उघडलं. पण भैयाजींनी लुगडं वर धरून हलवलं. "काठ खोटं बोलत नाही महाराज. माणूस बोलते."

आणि मग गर्दीत कोणाला तरी हसू फुटलं, कारण महाराजांचा हात नकळत जिलब्यांच्या राहिलेल्या चुऱ्याकडे चालला होता. एक हसला, दहा हसले, छपरावरचे हसले आणि आठवा कवेलू फुटला. भैयाजींनी महाराजांच्या माळा धरल्या.

"खरं बोल गा. कोण हायेस तू?"

"नत्थू," महाराज बारीक आवाजात म्हणाले. "उमरेडचा. वाढपी हाव जी. तीस वर्षं पंगती वाढल्या. वाढप्याची नजर पहिले ताटावर जाते, माणसावर नाही. पोरीचं अर्धं ताट पाहिलं अन् समजलं, हिले डावीकडचं उमजत नाही. मंग जे आपल्याले पाहिजे ते डावीकडे वाढायले सांगितलं. एवढंच. गुडघे गेले जी माहे, बादली घेऊन वाकता येत नाही."

अख्ख्या गल्लीत पोरीचा आजार पहिल्यांदा ओळखला तो या लबाडानं, आणि ओळखून त्याची जिलबी केली. लोकांनी त्याला मारायला हात उचलले तेव्हा यमुताई मध्ये पडल्या. "मारू नका. त्यानं डोळे उघडे ठेवले होते, तुम्ही मिटले होते. आणि मीही शहाणी नाही, मीही तिला अंगठे धरायला लावले. आता आधी मुलीला उचला."

यमुताईंचा भाचा, डॉक्टर अनंत, सरकारी दवाखान्यात होता. त्यानं चंद्रकलेला उभं करून चालवलं, तिच्याकडून कागदावर घड्याळाचं चित्र काढून घेतलं. बारापासून सहापर्यंतचे आकडे तिनं काढले आणि पुढचे विसरली. मग दुर्बिणीसारख्या दिव्यानं त्यानं तिच्या डोळ्यांच्या आत पाहिलं आणि तो गंभीर झाला.

"डोक्यात गाठ आहे, मारोतराव. मेंदूच्या उजव्या बाजूला. डावीकडच्या जगाची दखल घ्यायचं काम मुख्यतः ती बाजू करते. तिचे डोळे धड आहेत, पण डावीकडे काही आहे हे मेंदूला उमगतच नाही. मुलांच्या गाठी अशाच फसवतात. मूल वेंधळं झालं, अभ्यासात मागं पडलं, हट्टी झालं असं वाटतं, आणि आपण त्याला मारतो."

मारोतरावानं विचारलं, "म्हणजे दारात पाहुणा येते, पण आत मालकाले कोणी सांगतच नाही?"

"अगदी तसं."

"कोणी करणी केली का डॉक्टरसाहेब? आमचं काही चुकलं?"

"नाही. गाठ कोणालाही होते, राजाच्या पोरीलाही. चुकलं असतं ते आणखी महिनाभर थांबला असता तर. नजर गेली असती, कदाचित मुलगीही. आता मुंबईला न्या. तिथं डोकं उघडून गाठ काढतात."

मैनाबाईनं "डोकं उघडून" ऐकलं आणि पोरीला जवळ ओढलं. पण या वेळी ती गप्प राहिली नाही. ती म्हणाली, "कवा निघाचं?"

तीन महिन्यांनी, संक्रांतीच्या सुमारास, ती तिघं मुंबईहून परतली. चंद्रकलेच्या डोक्यावर काट्यासारखे केस उगवले होते आणि उजव्या कानावर घोड्याच्या नालासारखा व्रण होता. सकाळची डोकेदुखी गेली होती, ओकाऱ्या गेल्या होत्या. सगळं काही पूर्ववत झालं, असं सांगितलं तर ती दुसरी अंधश्रद्धा होईल. डावा हात मंद राहिला. डावीकडचं अजूनही कधी कधी निसटायचं. यमुताईंनी तिच्या हातावरचा महाराजांचा लाल गंडा सोडला आणि तो पाटीच्या डाव्या कडेला घट्ट बांधला. "लाल धागा दिसेपर्यंत डावीकडे बघत जायचं. तो दिसल्याशिवाय वाचायला लागायचं नाही." त्या धाग्यानं आयुष्यात पहिल्यांदाच काही काम केलं.

मारोतरावानं चष्मा घेतला. आळीतली पोरं हसली, तोही हसला. नत्थूला भैयाजींनी नातीच्या लग्नात पंगतीवर देखरेख करायला बोलावलं, बसल्या जागी, बादलीशिवाय. त्यानं एकाही पानावर जिलबी डावीकडे पडू दिली नाही.

त्या पंगतीत चंद्रकला बापाच्या शेजारी बसली होती. उजवीकडचं सगळं संपलं. ती थांबली. आळीतले दहाबारा जण तिरक्या डोळ्यांनी बघत होते, जुनी सवय. चंद्रकलेनं दोन्ही हातांनी ताट धरलं, डावा हात जरा उशिरा आला, आणि ते स्वतःच अर्धं फिरवलं. तिथं कोशिंबीर होती. तिनं तोंड वाकडं केलं.

"जिलबी असती तं बरं झालं असतं," ती म्हणाली. मारोतरावानं आपल्या ताटातली जिलबी उचलून तिच्या ताटात ठेवली. डावीकडे ठेवली, मुद्दाम. तिनं पुन्हा ताट फिरवलं आणि जिलबी शोधून काढली.

ती आजही जेवताना न विसरता एवढं करते. तुमचं-आमचं डोकं धड आहे, कोणाच्या कानावर व्रण नाही, तरी आपल्याला ते सुचत नाही. कुठं चमत्कार दिसला तर हात जोडायची घाई करू नका. पोर बदललं, अडखळलं, विसरायला लागलं, तर हात उगारायचीही घाई नको. आधी ताट फिरवून बघा.